प्रस्तावना : चिपवर काय आहे आणि काय नाही

जनुकीय चाचणीच्या अहवालात एखाद्या बदलापुढे ‘आढळला नाही’ असा शेरा असतो, तेव्हा त्याचे दोन अर्थ संभवतात. एक, त्या जागी पाहिलं आणि बदल नव्हता. दोन, त्या जागी पाहिलंच नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पेशंटचं सोडा, अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरलाही यातला कोणता अर्थ घ्यायचा हे कळायला बहुतेक वेळा मार्ग नसतो. हे पुस्तक त्या फरकापायी लिहिलं आहे. जीनोटायपिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या निरनिराळ्या मायक्रोॲरेंवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या चिपवर, नेमके कोणते जनुकीय बदल तपासले जातात हे कसं शोधायचं, शोधताना कुठे पाय घसरतो आणि हाती आलेल्या उत्तरावर किती भिस्त ठेवायची, एवढाच त्याचा विषय.

ऐकायला हे काम कारकुनी वाटतं, आणि ते आहेही कारकुनीच. याद्या उघडायच्या, नावं जुळवायची, क्रमांक ताडून पाहायचे. पण या शास्त्रातल्या मोठमोठ्या निष्कर्षांचं बरंवाईट याच कारकुनीवर ठरतं, असं माझं मत आहे. आपल्याकडे ती शिकवण्याची पद्धत नाही. वर्गात चिपचं तत्त्व सांगतात, फळ्यावर आकृती काढतात. पण चिपची मूळ यादी उघडून तिचा एकेक रकाना वाचून दाखवणारा शिक्षक विरळा.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. मानवी जीनोमची एक प्रत सुमारे ३१० कोटी अक्षरांची. अक्षरं चारच : ए, सी, जी आणि टी. माणसामाणसांत जिथे अक्षर बदललेलं सापडलं आहे, त्या जागांची जागतिक नोंदवही म्हणजे अमेरिकेतल्या एनसीबीआयचं ‘डीबीस्निप’. तिच्यातल्या नोंदी आता १०० कोटींच्या पुढे गेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक अगदी क्वचित आढळणाऱ्या. आज सर्रास वापरात असलेली इल्युमिनाची ‘ग्लोबल स्क्रीनिंग ॲरे’ साधारण साडेसहा लाख जागा पाहते. सरासरी काढली तर पाच हजार अक्षरांमागे एक, आणि नोंदवहीतल्या हजार नोंदींमागे एकही नाही. चिप वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. संपूर्ण जीनोम वाचण्याच्या तुलनेत ती फार स्वस्त पडते आणि नेमून दिलेलं काम चोख करते. प्रश्न एवढाच की, ते नेमून कोणी दिलं आणि काय दिलं?

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. मार्च २०१८मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीला ग्राहकांना बीआरसीए जनुकांविषयीचा अहवाल थेट देण्याची परवानगी दिली. स्तनाच्या आणि बीजांडाच्या कर्करोगाशी निगडित असलेले या दोन जनुकांतले हजाराहून अधिक बदल तोवर माहीत होते. कंपनीच्या चिपवरून अहवालात येणार होते तीन. तिन्ही प्रामुख्याने पूर्व युरोपीय वंशाच्या, म्हणजे अश्केनाझी ज्यूंमध्ये आढळणारे. एफडीएने हे तेव्हाच स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. कंपनीनेही लपवलं नव्हतं. पण न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या देशपांडे बाईंनी हौसेने चाचणी केली आणि ‘बदल आढळला नाही’ हे वाक्य वाचून सुटकेचा निःश्वास टाकला, तर तो निःश्वास कशाच्या जोरावर? पुढे २०२३मध्ये आणखी ४१ बदलांना परवानगी मिळाली. हजारांच्या हिशेबात तरीही ते थोडेच.

आता यादी कशी बनते ते पाहू. हा इतिहास मला थोडा तपशिलात सांगायचा आहे, कारण आजच्या चिपांच्या पोटात कालच्या चिपा दडलेल्या आहेत.

हॅपमॅप प्रकल्प २००२मध्ये सुरू झाला. नायजेरियातल्या इबादानचे योरुबा, अमेरिकेच्या युटा राज्यातले युरोपीय वंशाचे लोक, बीजिंगचे हान चिनी आणि टोकियोचे जपानी अशा एकूण २७० जणांचे नमुने घेऊन कोणते बदल एकमेकांच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात याचा नकाशा काढायचा, ही त्यामागची कल्पना. पहिला मोठा निबंध २००५मध्ये आला. त्याच सुमारास ॲफिमेट्रिक्स आणि इल्युमिना या दोन कंपन्या अगदी वेगळ्या वाटांनी मोठ्या चिपा बाजारात आणत होत्या.

ॲफिमेट्रिक्सची वाट रसायनाने आखलेली होती. तिची पाच लाखांची चिप खरं तर दोन चिपांची जोडी होती. डीएनए आधी एका विकराने कापायचा, दुसऱ्या चिपसाठी दुसऱ्या विकराने, आणि ठरावीक लांबीचे तुकडेच वाढवून घ्यायचे. त्या तुकड्यांत जे स्निप, म्हणजे एका अक्षराचे बदल, पडतील आणि २५ अक्षरी प्रोबला, म्हणजे चिपवर बसवलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला, जे नीट ओळखता येतील, ते चिपवर. एखादा बदल कितीही महत्त्वाचा असो, तो लांब तुकड्यावर पडला की यादीबाहेर. म्हणजे या यादीत बरंचसं दैव होतं.

इल्युमिनाने हॅपमॅपचा नकाशा समोर ठेवून स्निप निवडले. जे बदल नेहमी एकत्र येतात त्यांच्या गटातला एकच घ्यायचा आणि त्याच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. ‘ह्युमनहॅप ३००’ या चिपवर असे सुमारे ३ लाख १७ हजार प्रतिनिधी होते. शितावरून भाताची परीक्षाच ही. फक्त शीत त्याच भांड्यातलं हवं. युरोपीय नमुन्यांवर निवडलेले प्रतिनिधी युरोपीयांच्या सर्रास आढळणाऱ्या बदलांपैकी साधारण तीन चतुर्थांशांची ग्वाही देत होते; योरुबांमध्ये तोच आकडा ३० टक्क्यांच्या खाली घसरत होता. आफ्रिकेतल्या लोकांचा वंशेतिहास अधिक जुना आणि वैविध्याचा; तिथे बदलांची सोबत लहान लहान तुकड्यांपुरतीच टिकते, त्यामुळे तेवढाच प्रदेश झाकायला जास्त प्रतिनिधी लागतात. पुढे कंपनीने योरुबांसाठी सुमारे एक लाख स्निप वाढवून ‘६५०वाय’ ही चिप काढली. तिच्या नावातला ‘वाय’ योरुबांचा.

ॲफिमेट्रिक्सने २००७मध्ये ‘६.०’ काढली : ९ लाख ६ हजार ६०० स्निप, शिवाय जनुकांच्या प्रती कमीजास्त झाल्या आहेत का ते पाहणारे ९ लाख ४६ हजार प्रोब. यातले निम्म्याहून अधिक स्निप जुन्या पाच लाखांच्या यादीतून उचललेले होते. विकरांच्या कापाकापीने नशिबाने आत आलेली मंडळी अशी कायमची घरची झाली. २०१६मध्ये ॲफिमेट्रिक्स ‘थर्मो फिशर’ने विकत घेतली, तिच्या नव्या चिपा ‘ॲक्सिओम’ नावाने येतात. पण जुन्या चिपांवर काढलेली माहिती अजूनही संशोधनात फिरते आहे, आणि ती वाचायची तर जुन्या याद्या लागतातच.

भारतीयांचं काय? हॅपमॅपच्या तिसऱ्या फेरीत ‘गुजराती’ नावाचा एक गट आला. नमुने घेतले होते ह्यूस्टनमध्ये. त्यानंतरचा ‘थाउजंड जीनोम्स’ प्रकल्प २०१५मध्ये पूर्ण झाला तेव्हा २६ गटांतल्या २,५०४ जणांची माहिती जमा होती. त्यात दक्षिण आशियाचे पाच गट : ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधलेच श्रीलंकन तमिळ. भारताच्या भूमीवर घेतलेला एकही नमुना नाही. मराठी गट नाही. आदिवासी गट नाही. आजच्या चिपांवर ‘दक्षिण आशियाई’ म्हणून जे स्निप असतात, त्यांच्या निवडीमागे मुख्यतः हे पाच गट आहेत. ह्यूस्टनच्या गुजरात्यांवरून गडचिरोलीच्या गोंडांविषयी किती बोलावं, याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं. माझं उत्तर आहे : जपून.

आपल्याकडे मोजणी झाली तेव्हा काय निघालं? सीएसआयआरच्या ‘इंडिजेन’ प्रकल्पात १,०२९ भारतीयांचे जीनोम पूर्ण वाचले गेले. त्यात सुमारे ५ कोटी ५९ लाख बदल मिळाले आणि त्यांतले जवळजवळ ३२ टक्के जगातल्या उपलब्ध नोंदींत नव्हतेच. कोणत्याही जुन्या चिपवर ते असण्याचा संभवच नव्हता. बरं, हे सगळेच अतिदुर्मीळ असतील असं समजून सोडून द्यावं, तर ‘एमवायबीपीसी३’ या जनुकातली २५ अक्षरांची गळती समोर उभी राहते. तिचा हृदयस्नायूच्या विकाराशी असलेला संबंध २००९मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या कुमारसामी थंगराज यांच्या गटाने दाखवला. दक्षिण आशियातल्या साधारण चार टक्के लोकांत ती आहे. युरोपात जवळपास नाही, त्यामुळे युरोपीय नमुन्यांवर बेतलेल्या यादीत तिची दखल घ्यायचं कारण नव्हतं.

हाच प्रकार गुरांच्याही बाबतीत घडला, आणि तिथला शहाणपणा आपल्याकडे लवकर आला. विदेशी गोवंशासाठी ७ लाख ७७ हजार स्निपांची चिप होती. आपल्या वशिंडाच्या गाईंसाठी काही नव्हतं. हैदराबादच्या एनआयएबी संस्थेने २०२१मध्ये ‘इंडीगौ’ आणली, ११,४९६ स्निपांची, गीर, कांक्रेज, साहिवाल, ओंगोल यांसारख्या देशी जाती डोळ्यांपुढे ठेवून. ५ ऑक्टोबर २०२४ला वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचं लोकार्पण झालं. वर्तमानपत्रांत ती बातमी इतर घोषणांच्या गर्दीत आली आणि गेली. मला मात्र ती त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची बातमी वाटली होती.

आता एकच बदल हातात घेऊन त्याला जरा निरखू. सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात काम करणाऱ्या कोणाही डॉक्टरला या आजाराची ओळख करून द्यायला नको. बीटा हिमोग्लोबिनच्या जनुकात एका जागी ‘ए’च्या ऐवजी ‘टी’ येतो, एवढंच त्याचं मूळ. डीबीस्निपमध्ये त्याचा क्रमांक आरएस३३४. इतक्या अभ्यासलेल्या बदलाबाबत तरी ‘अमुक चिपवर आहे का?’ हा प्रश्न सोपा असायला हवा. तो नाही.

पहिली अडचण पैशाची. इल्युमिनाच्या चिपवर सूक्ष्म मणी असतात आणि प्रत्येक मण्यावर ५० अक्षरी प्रोबच्या असंख्य प्रती. प्रोब डीएनएला चिकटला की पुढचं एक अक्षर रंगीत जोडलं जातं. रंग दोनच : ‘ए’ आणि ‘टी’ लाल, ‘सी’ आणि ‘जी’ हिरवे. ज्या जागी ‘ए’ की ‘जी’ असा प्रश्न असतो तिथे एका प्रकारचा मणी पुरतो. लाल दिसला की ‘ए’, हिरवा दिसला की ‘जी’, दोन्ही दिसले की दोन्ही. पण ‘ए’ की ‘टी’ असा प्रश्न असला तर दोन्ही उत्तरं लालच. मग दोन प्रकारचे मणी लागतात, म्हणजे चिपवर दुप्पट जागा. यादी बनवणारा माणूस असा बदल दिसला की शेजारचा एखादा स्वस्तातला प्रतिनिधी शोधतो. आणि भारतातल्या बीटा थॅलेसिमियाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण, आयव्हीएस-१-५, ते ‘जी’ की ‘सी’ या जातीचं. म्हणजे आपल्याकडच्या रक्ताच्या दोन मोठ्या आजारांमागचे प्रमुख बदल, दोन्ही नेमके महागड्या कोटीतले.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. बीटाच्या जवळच डेल्टा हिमोग्लोबिनचं जनुक आहे. दोघांची सुरुवात इतकी सारखी की दोन्ही प्रथिनांतली पहिली आठ अमिनो आम्लं हुबेहूब तीच, आणि सिकलसेलची जागा त्या आठांतच येते. ५० अक्षरी प्रोबने नेमका कोणाला धरलं आहे हे पाहावं लागतं. शिवाय आरएस३३४च्या अगदी लगतच्या अक्षरावर आफ्रिकेत आढळणारा हिमोग्लोबिन ‘सी’चा बदल बसलेला आहे. प्रोबच्या टोकाशीच अक्षर जुळलं नाही तर रंग उमटत नाही आणि अहवालात ‘वाचता आलं नाही’ असं येतं.

तिसरी अडचण मला सर्वांत धोक्याची वाटते : धाग्याची. डीएनएचे दोन धागे एकमेकांचे पूरक. एकावर ‘ए’ तिथे दुसऱ्यावर ‘टी’. बीटा हिमोग्लोबिनचं जनुक अकराव्या गुणसूत्राच्या उलट्या धाग्यावर वाचलं जातं. जनुकाच्या भाषेत निरोगी ‘ए’ आणि सिकल ‘टी’. जीनोमच्या प्रमाण प्रतीच्या भाषेत निरोगी ‘टी’ आणि सिकल ‘ए’. आता एखाद्या फाइलीत आरएस३३४पुढे ‘एए’ लिहिलं आहे. हा माणूस ठणठणीत आहे की त्याला सिकलसेलचा आजार आहे? फाइल कोणत्या धाग्यावर लिहिली आहे हे कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. ‘ए’ की ‘जी’ असा स्निप असता तर चूक लगेच पकडली गेली असती, कारण उलट्या धाग्यावर ‘टी’ आणि ‘सी’ दिसले असते. इथे उलटं केलं तरी तीच दोन अक्षरं. वाहक तर दोन्हीकडून ‘एटी’च दिसतो, त्यामुळे नुसते वाहक तपासले तर घोटाळ्याचा पत्ताही लागत नाही.

चौथी गोष्ट पत्त्याची. आरएस३३४चा पत्ता २००९च्या जीनोम आवृत्तीत अकराव्या गुणसूत्रावर ५२,४८,२३२ असा आहे आणि २०१३च्या आवृत्तीत ५२,२७,००२. जागा तीच, मधल्या दुरुस्त्यांमुळे मोजणी बदलली. दोन चिपांच्या याद्या पत्त्यांवरून जुळवल्या आणि एक जुन्या आवृत्तीतली निघाली, तर हा स्निप दोन्ही चिपांवर असूनही ‘एका चिपवर नाही’ असं उत्तर मिळेल.

आणि सिंधी कुटुंबांमध्ये बीटा थॅलेसिमियाचं वारंवार आढळणारं कारण तर स्निपच नाही. ६१९ अक्षरांचा सलग तुकडा गळालेला असतो. उल्हासनगरातल्या जोडप्याच्या चिपच्या अहवालात आयव्हीएस-१-५ स्वच्छ आला म्हणून थॅलेसिमियाची शंका मिटली असं समजणं किती महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको. स्पष्टच लिहून ठेवतो : सिकलसेल आणि थॅलेसिमियासाठी इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसी या रक्ताच्या तपासण्या आहेत, त्या चांगल्या आहेत, आणि जुलै २०२३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचा भर रक्ताच्या तपासण्यांवरच आहे. चिपचा अहवाल त्यांची जागा घेऊ शकत नाही.

पुस्तकाचा मोठा भाग कागदपत्रं वाचण्याविषयी आहे. प्रत्येक चिपची एक मूळ यादी असते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. एका ओळीत एक प्रोब : नाव, गुणसूत्र, पत्ता, जीनोमची आवृत्ती, धागा, प्रोबची अक्षरं. नावांवर विसंबू नये हा पहिला धडा. आरएस क्रमांक सगळ्यांना ओळखीचा, पण इल्युमिनाच्या याद्यांत ‘ईएक्सएम’ किंवा ‘केजीपी’ने सुरू होणारी हजारो नावं भेटतात, ॲक्सिओमवर बहुतेक ‘एएक्स’ने सुरू होतात, घरगुती चाचण्यांच्या कंपन्या ‘आय’ लावून आपापले खासगी क्रमांक देतात. शिवाय आरएस क्रमांकही अढळ नसतात. दोन क्रमांक एकाच जागेचे निघाले तर मोठा क्रमांक लहानात विलीन होतो. दहा वर्षांपूर्वीच्या मॅनिफेस्टमधला क्रमांक आज शोधला तर तो दुसऱ्याच नावाखाली सापडतो. म्हणून नाव, पत्ता आणि प्रोबची अक्षरं या तिन्हींचा मेळ घालायचा आणि वादात अक्षरांचा शब्द अंतिम मानायचा.

सोय म्हणून काही खुली साधनं आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ‘एलडीलिंक’मध्ये ‘स्निपचिप’ नावाचा भाग आहे. स्निपांची यादी दिली की कोणत्या व्यापारी चिपांवर ते आहेत हे तो सांगतो. ‘एन्सेम्बल’मध्ये काही चिपांचे संच बदलांना जोडलेले आहेत, यूसीएससीच्या ब्राउझरमध्ये चिपांचा पट्टा दाखवता येतो. मी तिन्ही वापरतो आणि तिन्हींवर पूर्ण विश्वास ठेवत नाही, कारण एकाच नावाच्या चिपच्या अनेक आवृत्त्या असतात आणि प्रयोगशाळा आपल्या गरजेचे स्निप त्यावर जास्तीचे चढवून घेतात. तुमच्या प्रयोगशाळेने प्रत्यक्ष वापरलेल्या चिपचं मॅनिफेस्ट मागून घ्या. मिळायला वेळ लागला तरी मागा.

मॅनिफेस्टमध्ये नाव असलं म्हणजे काम झालं असंही नाही. इल्युमिनाचे मणी चिपच्या खळग्यांत यदृच्छेने बसतात. एका प्रकारचे पुरेसे मणी न बसल्यास ती जागा वाचली जात नाही. काही प्रोब सगळ्याच नमुन्यांत गोंधळ घालतात आणि विश्लेषणात वगळले जातात. घरगुती चाचण्यांत आणखी एक फाटा फुटतो : ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ने २०१३मध्ये चिप बदलली, २०१७मध्ये पुन्हा बदलली. त्यामुळे सख्ख्या भावंडांनी वेगवेगळ्या वर्षी चाचणी केली असेल, तर दोघांना तपासलेल्या जागाही वेगळ्या. एकाच्या फाइलीत असलेला स्निप दुसऱ्याच्या फाइलीत नसण्याचं कारण जनुकांत शोधू नये.

चिपवर नसलेल्या बदलाचा अंदाज शेजाऱ्यांवरून बांधता येतो, त्याचं नाव इम्प्युटेशन. यूके बायोबँकेने सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांच्या चिपा केल्या. चिपवर जागा सव्वाआठ लाखांच्या आसपास, आणि गणिताने भरलेल्या माहितीत बदल सुमारे ९ कोटी ६० लाख. हे गणित थक्क करणारं आहे आणि मी त्याचा रोजचा गिऱ्हाईक आहे. पण त्या ९ कोटी ६० लाखांतली जवळजवळ प्रत्येक नोंद ‘पाहिलेली’ नसून ‘अंदाजलेली’ आहे. अंदाज किती जोरकस असू शकतो, याचा मासला जेम्स वॉटसन यांच्या बाबतीत मिळाला. डीएनएची रचना उलगडणाऱ्या या शास्त्रज्ञाचा जीनोम २००७मध्ये खुला झाला, तेव्हा अल्झायमरच्या जोखमीशी जोडलेलं एपीओई जनुक तेवढं झाकून ठेवा असं त्यांनी सांगितलं होतं. जनुक झाकलं गेलं. मग इतर संशोधकांनी दाखवून दिलं की आजूबाजूचे स्निप उघडे असल्याने झाकलेलं कळू शकतं. शेवटी भोवतालची सुमारे वीस लाख अक्षरं काढून घ्यावी लागली. जे वॉटसन यांना अडचणीचं ठरलं तेच संशोधकांच्या कामी येतं. एपीओईचे दोन निर्णायक स्निप कित्येक जुन्या चिपांवर थेट नव्हते. संशोधक शेजारच्या एपीओसी१ किंवा टॉम४० जनुकांतल्या स्निपांवरून काम भागवत. युरोपीय नमुन्यांत ते बऱ्यापैकी भागे. बीडच्या नमुन्यांत भागेल की नाही, हे बीडच्या नमुन्यांवर तपासल्याशिवाय कोणी सांगू नये.

याची उलट बाजूही आहे : चिप ‘आहे’ म्हणते आणि तो नसतो. चिपचं सॉफ्टवेअर शेकडो नमुन्यांचे रंग एकत्र पाहून त्यांचे तीन पुंजके पाडतं. बदल लाखात एखाद्याकडेच असेल तर दुसरा पुंजका बनायला माणसंच नसतात. मग जरा फिका पडलेला नमुनाही वाहक समजला जातो. २०२१मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या अभ्यासात यूके बायोबँकेतल्या जवळपास ५० हजार लोकांच्या चिपा थेट वाचलेल्या जनुकांशी ताडून पाहिल्या. लाखात एकापेक्षाही दुर्मीळ असलेल्या बदलांबाबत चिपने दिलेल्या ‘आहे’ या उत्तरांपैकी १६ टक्केच खरी निघाली. बीआरसीए जनुकांतल्या दुर्मीळ रोगकारक बदलांबाबत तर जेमतेम चार टक्के. चिपच्या एवढ्याच उत्तरावर शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या बाईला हा आकडा आधी सांगायला हवा.

‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने ८३ लोकसमूहांतल्या सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५मध्ये ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रातून संशोधकांना मागता येऊ लागली. भारतीयांसाठी स्वस्तातली चिप बेतणं हे या प्रकल्पाच्या जाहीर उद्दिष्टांपैकी एक. म्हणजे निवडीचा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. दुप्पट जागा खाणारे ‘ए’ की ‘टी’वाले घ्यायचे का, एखाद्याच जातसमूहात आढळणाऱ्या बदलाला किती जागा द्यायची, गळालेल्या तुकड्यांसाठी वेगळे प्रोब ठेवायचे का. प्रत्येक ‘हो’मागे कुठला तरी दुसरा स्निप बाहेर जाणार आहे. यावरची मतं मी शेवटच्या प्रकरणात मांडली आहेत. ती वादग्रस्त वाटतील, वाटू द्यावीत.

परिशिष्टातल्या तक्त्यांविषयी दोन शब्द. आजारांशी निगडित निवडक बदल उभ्या रकान्यात आणि चिपा आडव्या, अशी त्यांची मांडणी आहे. प्रत्येक चिपच्या नावाखाली मॅनिफेस्टची आवृत्ती आणि जीनोमची आवृत्ती दिली आहे. ती आधी वाचावी. ‘थेट’, ‘शेजाऱ्यावरून’ आणि ‘नाही’ अशा तीन खुणा आहेत. ‘शेजाऱ्यावरून’ ही खूण जिथे आहे तिथे तो शेजारी कोणत्या लोकांच्या नमुन्यांवर पारखला आहे ते कंसात लिहिलं आहे. कंस मोकळा असेल तर ती खूण ‘नाही’ समजूनच चालावं. कंपनीने चिपची नवी आवृत्ती काढली की तो रकाना बाद झाला असं धरावं आणि दुसऱ्या प्रकरणातल्या पद्धतीने स्वतः नव्याने भरावा. त्यासाठी प्रत्येक तक्त्याच्या उजवीकडे दोन रकाने कोरे सोडले आहेत.